बाळुत्यांची दोरी

भिवराबाईचं नाव आता गावात कुणी काढीत न्हाई. काढतील कशाला? लाज वाटती मेल्यांना. मी मात्र मुद्दाम काढते. चार बाया वट्ट्यावर बसल्या की हळूच तिचा इषय काढते, मंग एकेकीला घरची कामं आठवायला लागतात.

मी छबुबाई. महे दोन ल्योक आन् एक लेक, तिघंबी आमच्या गावच्या जच्चाखान्यात झाली. दोघं ल्योक आधी भिवराच्या हातात गेले, मंग मह्या. तवा तिचं सांगायचा हक्क कुणाचा असंल तर तो महा हाय. मही जीभ तिखट हाय हे समद्या शिवाराला ठाव हाय, ज्याला सोसवत न्हाई त्यानं उठून जावं.

राज्य तवा निजामसरकारचं. आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारं. गावाबाहेर वढ्याच्या कडंला दोन दगडी खोल्या आन् म्होरं पडवी. अर्जुनराव देशमुखांची थोरली सून बाळंतपणात गेली, लेकरू आडवं आलतं, तवा त्यांनी त्या खोल्या बांधून सरकारला दिल्या. सरकारनं हैदराबादेत शिकलेली दाई धाडली, हमीदाबी. अंगानं दांडगी, तोंडात कायम पान, आन् हात असा हलका की बाईला वाटावं आपली मायच पाठ चोळायलीय. सरकारी भाषेत त्याला जच्चाखाना म्हणायचे, म्हणजे बाळंतिणींचा दवाखाना. आमी नुस्तं 'खोल्या' म्हणायचो. "सुनंला खोल्यावर न्या" म्हणलं की समद्यांना कळायचं.

त्या खोल्यांतच भिवरा राहायची. तिचा नवरा मानमोडीच्या साथीत गेला. लगीन होऊन वरीस झालं नसंल, पदरी लेकरू न्हाई. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढली. माहेर धर्मापुरीचं. तिथं भाऊ व्हता आश्रुबा, पण त्याच्या बायकूनं दारातच पाण्याचा तांब्या दिला, आत ये म्हणली न्हाई. भिवरा तशीच माघारी आली आन् खोल्यांच्या पडवीत येऊन बसली. हमीदाबीनं काय इचारपूस केली न्हाई. म्हणली, "बैठी क्या है, चूल्हा फूंक." तवापासून ती चूल फुंकायला लागली ती फुंकतच राहिली.

तिचं काम काय? पाणी तापवायचं. झालेलं लेकरू पहिल्यांदा हातात घ्यायचं, पुसायचं. लेकरामागून पडलेली वार पुरायची. आन् बाळुती धुवायची. हे बाळुती धुणं तुमी आज हसण्यावारी न्याल, पण तवा तसं नव्हतं. बाळंतिणीखालची फडकी, लुगड्याचे तुकडे, लेकराचे लंगोट, समदा इटाळ. घरची सासूबी त्याला हात लावीत नव्हती. भिवरा ते गाठोडं वढ्यावर न्यायची, राखेनं घासून धुवायची आन् पडवीचा खांब ते लिंबाचं झाड अशी उंच दोरी बांधलेली व्हती, तिच्यावर वाळत घालायची. ती दोरी समद्या शिवारातून दिसायची. रानात खुरपणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या, पांढरी बाळुती हालताना दिसली की म्हणायच्या, "आज कुणाची सुटका झाली गं?" पार खंडोबाच्या टेकडावरून दिसायची दोरी.

पण ज्या हातानं ती इटाळ धुवायची त्या हातचं पाणी गावात कुणी पेत नव्हतं. खोल्यावर असताना समद्या तिच्या गळ्यात पडायच्या, "भिवरे, मला सोडू नको गं" म्हणायच्या. सोयर फिटली, घरी गेल्या, की आडावर भेटल्यावर घागर बाजूला सरकवायच्या. कुणी वंगाळ बोलत नव्हतं. नुस्ती घागर सरकवायच्या. ते जास्त लागायचं तिला, मला दिसायचं ना.

आन् बारसं? बारशाला तर तिला कुणीच बोलवीत नव्हतं. वांझ, त्यात रांडाव, पाळण्यापाशी कशी बशिवणार? गावातलं जवळपास निम्मं पोर तिच्या हातावर पडलेलं, आन् एकाच्याबी कानात नाव सांगताना ती तिथं नव्हती. मंग ती आडावर उगंच घुटमळायची आन् इचारायची, "काय ठिवलं गं नाव?" तोवर तिची तिनं ठिवलेली नावं असायची. मह्या थोरल्याला ती ढब्या म्हणायची, धाकट्याला मुंगळा. कितीक दिसांनी खरं नाव कळलं तरी तोंडातून ढब्याच निघायचं, मंग एकटीच हसायची.

असं चाललं व्हतं. आन् एक दिस पाटील तालुक्याहून आले ते त्वांड उतरवूनच. इठ्ठलराव पाटील आमचे. म्हणले, वरनं हुकूम निघणार हाय, बारकी बारकी ठिकाणं बंद. शहरगावी मोठा दवाखाना हाय, बाळंतिणींनी तिकडं जावं. आता तुमीच सांगा, कसं जावं? कळा सुरू झालेली बाई बैलगाडीत घालून, मधी मांजरा नदी आडवी, पावसाळ्यात तिला उतार न्हाई. ज्यानं हे ठरविलं त्याच्या मायनं त्याला काय गाडीच्या चाकात जनलतं का?

त्या दिशी भिवरा मह्याकडं आली. माघल्या दारानं. उंबऱ्याबाहेरच बसली, तिला तीच सवय. म्हणली, "छबू, खोल्या बंद झाल्या तर हमीदाबीला सरकार दुसरीकडं धाडील. तुमाला तुमची घरं हायत. मी कुठं जाऊ गं?"

मी म्हणलं, "होत न्हाईत बंद. बंद करणाराचं थोबाड फोडीन मी."

लई मोठं बोलले मी. पण तिला तेवढ्यानंबी बरं वाटलं.

गडीमाणसांना ह्या कामाची लाज. चावडीत इषय निघाला तर इठ्ठलराव म्हणले, "बे, बाळंतपणाच्या गोष्टी चावडीत बोलतेत का कुठं?" आमी बाया मंग त्यांच्या बायकूकडं गेलो. वत्सलाबाई पाटलीण म्हणजे नाकानं कांदे सोलणारी, पण तिची लेकरंबी खोल्यावरच झालेली. तिनं नवऱ्याला सांगितलं, तालुक्याला जाऊन या, तवर चुलीवर तवा चढायचा न्हाई. पाटील दुसऱ्या दिशी घोड्यावर बसून गेले. येताना सांगत आले की मोठा डाक्टरसाहेब मुआयना करायला येणार, म्हणजे आपल्या डोळ्यानं बघणार. जागा चालत असंल तर राहील, न्हाईतर कुलूप.

झालं. समदं गाव कामाला लागलं. आन् इथंच आमी माती खाल्ली. मोठा माणूस येणार म्हणल्यावर आमच्यात काय करतेत? सारवतेत, पुसतेत, तोरण लावतेत. खोल्यात तवा दोन बाळंतिणी व्हत्या आन् एक दिस भरलेली. वत्सलाबाई म्हणली, "अगं माय, साहेब काय इटाळात बसंल का? सोयराच्या खोलीत त्याला चहा देणार का तुमी?" समद्यांना पटलं. मलाबी पटलं, खोटं कशाला बोलू. तिघींना घोंगडीत गुंडाळून घरोघर पोचविलं. हमीदाबी असती तर तिनं आमाला हाणलं असतं, पण ती नेमकी शेजारच्या गावात अडलेल्या बाईकडं गेलती.

भिवरानं तर कमाल केली. राखेनं फरश्या घासल्या. भिंतींना चुना मारला. दोरीवरची समदी बाळुती काढून गाठोडं वढ्यापल्याड झुडपात लपविलं, साहेबाच्या नजरंला इटाळ पडू नये म्हणून. कधी न इझलेली चूल तिनं इझविली, राख काढली, वरून पोतेरं फिरविलं, रांगोळी घातली. लोबान जाळला. खोली अशी झाली की देव आणून बशिवावा.

साहेब आला, टोपीवाला, चष्मेवाला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चुलीवर हात ठिवला. मंग भिवराला इचारलं, "औरतें किधर हैं?"

भिवरा पदर सावरून, अगदी ताठ होऊन म्हणली, "समद्या घरी धाडल्या, साहेब. एक डाग ठिवला न्हाई."

साहेब म्हणला, "बहुत साफ है." पाटलाच्या वाड्यात पुरणपोळी खाल्ली आन् गेला. गावात गूळ वाटला की हो! आमाला वाटलं, जिंकलं. वत्सलाबाईनं स्वतःच्या हातानं भिवराला पोळी दिली, वरून न टाकता, हातात. भिवरा पळत मह्याकडं आली, डोळे भरलेले. "छबू, पाटलीणबाई मला शाब्बास म्हणली. समद्यांम्होरं म्हणली." तिला तेवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं, परत बघायलाबी मिळालं न्हाई.

पंधरवडा झाला असंल नसंल, शिपाई कुलूप घेऊन आला. साहेबानं वर कळविलतं: जागा स्वच्छ हाय, पण एक बाई न्हाई, चूल थंड, वापर काय दिसत न्हाई. ऐकून समद्यांची तोंडं काळी ठिक्कर पडली. आन् वत्सलाबाई काय म्हणली ठाव हाय? भिवराकडं बोट करून म्हणली, "हिनंच चूल इझवली. पांढऱ्या पायाची ती पांढऱ्या पायाचीच."

मी म्हणलं, "आन् बाळंतिणी कुणी उठविल्या? तुमच्या आज्जीनं?" मंग लई भांडण झालं. पण भिवरा आपल्या हातांकडं बघत व्हती. तिला ते खरं वाटलं, आन् तिथंच घात झाला.

हमीदाबीची बदली झाली. जाताना ती भिवराला म्हणली, "चल मेरे साथ, नको बैठू इधर." भिवरानं नको म्हणून मान हालविली. ती कुलपाबाहेर पडवीतच राहिली. चूल पडवीत मांडली आन् रोज हंडाभर पाणी तापवायला लागली. कुणासाठी? कुणासाठीच न्हाई. सकाळी तापवायचं, सांजच्याला वतून द्यायचं. मी एकडाव इचारलं, "कावून गं जळण नासायलीस?" तर म्हणली, "मागल्या डावी थंड सापडली ना चूल."

त्या हिवाळ्यात मी लई येळा वढ्याकडं बघायचे. रिकामी दोरी आन् तिच्याखाली ती बसलेली. बाया आता घरीच बाळंत व्हायला लागल्या, खोल्याकडं जायचं कुणाला कारण उरलं न्हाई. आडावर लेकरं दिसली की ती हाक मारायची, "ये ढब्या." मव्हा ढब्या जायचा, बाकीच्यांना त्यांच्या माया बोलवून घ्यायच्या. बोलायला माणूस न्हाई म्हणून ती हळूहळू बोलायचीच कमी झाली. मी चार शब्द बोलावं तवा तिचा एक यायचा.

मंग राधाकिशनची बायकू जानकी गेली. पहिलटकरीण पोर. दोन दिस अडली, सुईण म्हणली मह्या हातचं न्हाई हे, गाडीत घातली शहराला न्यायला, आन् मांजरेच्या वाळूतच संपली. गाडी माघारी आली तवा खोल्यांवरून आली. भिवरा हंडा घेऊन पळत गेली गाडीपाशी, गरम पाणी घेऊन. राधाकिशन म्हणला, "आता कशाला, माय." ती तशीच उभी राहिली, हातात वाफाळता हंडा.

त्या दिशी आमच्या समद्या बायांच्या अंगात आलं म्हणा. मी घरोघर फिरले. युसूफ वडगावच्या बाजारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगितलं, तुमच्या गावच्याबी लेकी-सुना आमच्या खोल्यावर येत व्हत्या, मंग गप का बसलाव? एका बाजाराचा दिस धरून आमी गाड्या जुपल्या आन् लेकरं-बाळं घेऊन तालुक्याच्या कचेरीम्होरं लिंबाखाली जाऊन बसलो. लेकरं रडायली, हगायली, मुतायली. कारकून भाईर आला आन् नाक दाबून म्हणला, "यहां जच्चाखाना लगाया क्या?" मी म्हणलं, "तुमी तिकडचा बंद केलाव, मंग हितंच लावतो की. ही बघा, हिचे दिस भरलेत." खरंच एक भरलेली व्हती आमच्यात. कारकून पळतच आत गेला.

तहसीलदारानं मला आत बोलविलं. म्हणला, "तुम्हीच बायांना घरी नेलं ना? एक दिस नेता येतात, तर मंग रोज घरीच राहू द्या."

मी म्हणलं, "मालक, तुमच्या घरी पाव्हणा आला की हांतरूण गुंडाळून ठिवतेत का न्हाई? म्हणून काय तुमी रात्रीचं निजत न्हाई का?"

त्यो हसला. हसला तवा मला वाटलं जमलं. त्यानं वर लिहिलं, आन् खोल्या तीन महिन्यांपुरत्या उघडल्या. हमीदाबी परत आली. तीन महिने झाले की तोच साहेब न सांगता-सवरता येऊन बघणार, मंग काय ते कायमचं ठरणार. कुलपाची किल्ली भिवराच्या हातात दिली. ती किल्ली तिनं कमरंला अशी खोवली, सुवासिनीनं मंगळसूत्र जपावं तशी जपली.

ते तीन महिने बरे गेले. दोरी परत भरली. मलाबी तवा सातवा महिना लागलता, तिसऱ्या खेपंचा. मी भिवराला सांगून ठिवलं, "ह्या डावी तुला पाळण्यापाशी बशिवणार. कोण काय म्हणतंय बघतेच मी. लेकराच्या कानात नाव तूच सांगायचं." तवापासून ती रोज एक नाव काढायची, उद्या ते मोडायची, परवा दुसरं काढायची.

तीन महिने सरले आन् तालुक्याहून पाटलांना कुणीतरी गुपचूप निरोप दिला, उद्या साहेब येणार. हमीदाबीनं समद्यांना दम भरला, "इस बार कुछ नको करो. जैसा है वैसा रहने दो. झाड़ू को हाथ लगाया तो हाथ तोड़ दूंगी." खोल्यात चार बाया व्हत्या, त्यात मी एक, दिस भरून येऊन पडलेली.

भल्या पहाटं भिवरा मह्यापाशी आली. डोक्यावर पदर, फडक्यात बांधलेली भाकर.

"कुठं निघालीस?"

"टेकडावर. खंडोबापाशी बसते."

"कावून? साहेब येणार आन् तू न्हाई?"

ती म्हणली, "मह्या हाताचा भरवसा न्हाई, छबू. डाग दिसला की मी पुसणार. मला ऱ्हावायचं न्हाई. आन् मही सावलीबी नको आज. मागल्या डावी मह्यापायीच झालं."

मी लई बोलले, शिव्या दिल्या, पण ऐकंल तर शपथ. मंग तिनं मह्या हातावर हात ठिवला. म्हणली, "वाळलेली बाळुती मी काढलीत, दोरी आता रिकामी हाय. खोल्या राहिल्या तर दोरीवर बाळुती टाकायला लाव. मला वरून दिसतंय. दिसली की पळत येते. न्हाई दिसली तर मी समजून जाईन आन् तिकडूनच वाटंला लागीन. ते कुलूप मला परत बघवायचं न्हाई."

मी म्हणलं, "टाकते की, समद्या शिवाराला दिसतील अशी टाकते. जा."

ती गेली आन् सूर्य कासराभर वर आला तवा मला कळा सुरू झाल्या. सुरू झाल्या त्या अशा की समदं गाव ऐकायलं. त्यातच साहेबाची गाडी आली. तो पडवीत चढतोय तर मव्हा आवाज. आत यायला लागला तर हमीदाबी भिजल्या हातानं दारात आडवी झाली, "ठैरो साहब! अभी नको आना!" साहेब तिथंच थांबला. चुलीवर हंडा उकळायलता, जमीन ओली, कोपऱ्यात बाळुत्यांचा ढीग, एक बाळंतीण भिंतीला टेकून लेकराला पाजायली. त्यानं समदं बघितलं. मंग मही लेक रडली. खणखणीत आवाज, मह्यावरच गेली. साहेब भाईरून म्हणला, "बस, देख लिया. ये जगह चलेगी."

असा गलका झाला की काय सांगू! बाया नाचायल्या. मही सासू बायनाबाई आयुष्यात कधी हसली नव्हती, ती हसली. पाटील साहेबाला वाड्यावर जेवायला घेऊन गेले, हमीदाबीलाबी त्याच्यासंगं बोलवून नेलं. मव्हा नवरा शहादेव साहेबाला पोचवायला गाडी जुपायच्या कामाला लागला.

मला आठवलं. मी सासूला म्हणलं, "अवो आत्याबाई, बाळुती धुवा आन् दोरीवर टाका. भिवरा वाट बघायलीय."

"भिवरा आली की धुईल की."

"ती येणारच न्हाई बाळुती दिसल्याबिगर! टेकडावर बसलीय ती!"

"येईल येईल. कुठं जाती. तू गुमान पड."

मी वत्सलाबाईला हाक मारली. तिला सांगितलं. ती ढिगाकडं बघून म्हणली, "मी? ते? अगं, ते भिवराचं काम हाय. ती आली की धुईल." मी एकेकीला म्हणले, धुवा, न्हाईतर टेकडावर एखादं पोरगं तरी धाडा. एकेकीनं तेच म्हणलं. भिवरा आली की धुईल. अगं, पण धुतल्याबिगर ती येतीया कशाला! कुणाच्या डोस्क्यात शिरंना. मी म्हणलं, धुऊ नका, निदान कुणीतरी आपलं कोरं लुगडं तरी टाका दोरीवर. तर वत्सलाबाईनं डोळे मोठे केले, "इटाळाच्या दोरीवर कोरं लुगडं?" समद्या हसल्या. मला वाटलं हिचा गळा धरावा.

मी उठायला गेले. गुडघ्यावर आले, भिंतीला धरलं, ढिगातलं एक बाळुतं हातात आलं, आन् डोळ्याम्होरं अंधारी. समद्यांनी मिळून मला परत पाडलं. हातातलं बाळुतं काढून घेतलं आन् परत ढिगावर टाकलं. दारातून मला दोरी दिसत व्हती. मी पडल्या पडल्या दोरीकडं बघायले आन् ती तिकडून दोरीकडं बघायलीय हे मला ठाव व्हतं. दुपार कलली, सावली लांब झाली, बाया जेवायला पाटलाकडं गेल्या. मी रडले, वरडले, शेवटी आवाजच निघंना.

शहादेव साहेबाला पोचवून आला तवा दिवेलागण झालती. मी त्याला सांगितलं तसा तो पळत टेकडावर गेला. भिवरा नव्हती. खंडोबाच्या पायरीवर भाकर तशीच्या तशी, एक घास खाल्लेला न्हाई. आन् फडक्याच्या गाठीत खोल्यांची किल्ली. कुलूप लावायला लागंल म्हणून ठिवून गेली माय.

दुसऱ्या दिशी शहादेव धर्मापुरीला गेला. आश्रुबा म्हणला, इकडं फिरकली न्हाई. फिरकली असती तरी त्याच्या बायकूनं काय केलं असतं ते मला ठाव हाय. पुढं कुणी म्हणलं, नारायणगडाला जत्रंत पाणी वाढताना दिसली. मी लेकराला काखंत घेऊन गेले. तिथं पाणी वाढणारी एक बाई व्हती, म्हातारी, भिवरासारखीच बारीक. भिवरा नव्हती.

लेकीचं बारसं मी अडवून धरलं. म्हणलं, नाव सांगणारी आल्याबिगर पाळणा हालायचा न्हाई. मही सासू, मव्हा नवरा, समदे दमले. लेकीला दात आले तवा सासूनं मह्या पाठीमागं तिचं नाव तुळजा ठिवलं. भिवराच्या मनात कोणतं व्हतं ते मला कधीच कळलं न्हाई. शेवटच्या दिशी तिनं कोणतं काढलतं ते तिनं मला सांगितलंच न्हाई.

बाळुत्यांचा तो ढीग तीन दिस तसाच पडला. माश्या घोंगायला लागल्या, तरी समद्या म्हणायच्या भिवरा येईल. शेवटी मी उठले. सोयर फिटली नव्हती तरी उठले. वढ्यावर नेलं गाठोडं, राखेनं घासलं, आन् दोरीवर टाकलं एकेक. सासू म्हणली, ह्या घरात आता तुला हातानं कुणी पाणी देणार न्हाई. मी म्हणलं, नका देऊ, मी घेते मपलं मी.

तवापासून खोल्यावरची बाळुती मी धुते. निजाम गेला, नवं सरकार आलं, हमीदाबी गेली, दुसऱ्या नर्सबाया आल्या, खोल्या अजून चालू हायत. आडावर मह्यापासून घागरी सरकवितेत, सरकवू दे. भिवराला कसं वाटत असंल ते मला आता कळतंय. दोरी मात्र मी बदलली. लिंबाच्या आणिक वरच्या फांदीला बांधली. म्हणजे टेकडावरूनच न्हाई, त्याच्या पल्याडूनबी दिसावी. शहादेव म्हणायचा, एवढ्या उंच कशाला बांधतीस, हात पुरत न्हाई तुहा. मी शिडी लावते. रोज सकाळी शिडीवर चढते आन् बाळुती टाकून झाली की टेकडाकडं बघते.